हबची डायल थंडीत घट्ट होते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबर-जानेवारीत हौशी मंडळींचे फोन येतात. वेळ सकाळी सातची, मागे कुणीतरी खोकत असतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "डायल फिरतच नाहीये हो." फोर-व्हील ड्राइव्ह जिप्सी किंवा जुनी जीप घेऊन पुण्या-नाशकाहून निघालेला माणूस हिमाचलात, स्पितीतल्या काझाच्या आसपास कुठेतरी पुढच्या चाकासमोर उकिडवा बसलेला असतो. फोनवर दर वेळी जे सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो. मी मेकॅनिक नाही. जुनी जिप्सी बाळगणाऱ्याला जेवढं स्वतःच्या हाताने करावंच लागतं, तेवढं केलेला माणूस आहे.

पुढच्या चाकावरची ही डायल नेमकं करते काय?

पुढचं चाक आणि त्याला फिरवणारा एक्सल यांची गाठ बांधते आणि सोडते. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत दाते असलेली एक सरकती रिंग असते. डायल 'लॉक'वर नेली की स्प्रिंगच्या जोराने ती रिंग आत सरकते आणि एक्सल शाफ्टला चाकाशी जोडते. 'फ्री'वर नेली की रिंग मागे येते, चाक आपलं आपलं फिरतं आणि आतला शाफ्ट, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी), पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) हे सगळं लटांबर स्वस्थ बसतं. पेट्रोल थोडं वाचतं, झीज कमी होते, स्टिअरिंग हलकं लागतं.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपा स्वस्तात लोकांच्या हाती आल्या आणि डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल उगाच फिरत राहतो हे सगळ्यांना खुपायला लागलं. अमेरिकेत वॉर्न कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली ती असे हब बनवायलाच. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीमुळे ही डायल घराघरात नाही, पण गॅरेजागॅरेजात पोचली.

थंडीत ती घट्ट का होते? पुण्यात तर दोन बोटांनी फिरते.

तीन कारणं आहेत. तुमचं कोणतं हे ओळखल्याशिवाय काही मारू नका, काही ठोकू नका.

पहिलं, ग्रीस थिजतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. साध्या खनिज तेलात मेणाचा अंश असतो. थंडीत ते मेण गोठतं आणि तूप थिजावं तसं सगळं थिजतं. डायलखालच्या स्प्रिंगा काही ट्रकच्या नसतात. त्या बिचाऱ्या रिंग ढकलतात, पण समोर थिजलेल्या ग्रीसची भिंत असते.

दुसरं, आत पाणी शिरलेलं असतं आणि त्याचा बर्फ होतो. हे कारण लोकांना सुचत नाही, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं. दिवसभर चालून हब कोमट झालेला असतो. तुम्ही तो तसाच नाल्याच्या बर्फाळ पाण्यात घालता. आतली हवा झटकन गार होऊन आकसते आणि ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) जरा जरी म्हातारी असेल तरी पाणी आत ओढून घेते. दुपारी तीनला नाला ओलांडला, रात्री पारा उणे वीसवर गेला, सकाळी आत बर्फाची पाचर.

तिसऱ्या कारणाचा थंडीशी संबंधच नाही. शाफ्टमध्ये पीळ बसलेला असतो. त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

मग हिवाळ्यात जायच्या आधी हबमध्ये भरपूर ग्रीस भरून घेतलं तर?

नका हो. सगळा घोळ इथेच होतो.

आपल्याकडचा मेकॅनिक पावसाळ्याचा विचार करतो आणि सह्याद्रीत तो बरोबरच असतो. चार महिने चिखल-पाण्यात गाडी घालायची, तर पोकळी दिसेल तिथे ग्रीस भरा, म्हणजे पाणी शिरायला जागाच उरणार नाही. माझ्या पहिल्या स्पितीच्या फेरीआधी एका गॅरेजात माझ्याही हबमध्ये असंच प्रेमाने लाल बेअरिंग ग्रीस ठासून दिलं होतं. काठोकाठ, मोदकात सारण भरावं तसं. निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हाही ती डायल फिरायची, म्हणून मी निर्धास्त. काझात पहिल्याच सकाळी डायल अर्ध्यावर जाऊन थांबली. ना लॉक, ना फ्री.

बेअरिंग आणि हब एकमेकांना चिकटून असले तरी त्यांची गरज उलटी आहे. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरायचंच असतं, कारण तिथे रोलर सतत फिरतात, तापतात, भार घेतात. हबमध्ये फक्त एक रिंग जराशी पुढे-मागे सरकते, तीही दिवसातून एखाद-दोनदा. तिला सरकायला मोकळी जागा हवी. ग्रीसने भरलेल्या पोकळीत ती सरकणार कुठे? आणि हो, बेअरिंगमध्ये अति भरलेलं ग्रीस तापून पातळ झालं की बाहेर हबकडे येतं. तेव्हा हब कोरा ठेवूनही तो महिन्या-दोन महिन्यांत भरलेला दिसला, तर मागे बेअरिंगकडे बघा.

कोणतं ग्रीस वापरायचं? डब्यावर "एनएलजीआय २" लिहिलंय, ते चालेल ना?

तो आकडा ग्रीस किती घट्ट आहे हे सांगतो, पण २५ अंश सेल्सिअसला मोजलेला. ठराविक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती रुततो ते बघतात. २६५ ते २९५, म्हणजे साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर रुतला तर ग्रेड २. ३१० ते ३४० असेल तर ग्रेड १. पुण्यातल्या खोलीत केलेली ही परीक्षा. काझातल्या पहाटेबद्दल ती अवाक्षर काढत नाही. दोन कंपन्यांचं ग्रेड २ उणे वीसला अगदी वेगळं वागू शकतं, कारण खरा फरक आतल्या तेलाचा असतो.

डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा: तेल सिंथेटिक आहे का, आणि चालण्याची किमान मर्यादा किती. उणे ४०पर्यंत चालणारं सिंथेटिक ग्रीस मिळतं. महाग असतं, पण तुम्हाला चमचाभरच लागणार आहे. गाडीच्या किंवा हबच्या मॅन्युअलमध्ये ठराविक ग्रीस सांगितलं असेल तर तेच घ्या, माझं ऐकू नका.

आणि विश्वास बसत नसेल तर चमच्यांची परीक्षा घ्या. घरातले तीन जुने चमचे घ्या (घरच्यांना विचारून, नंतर ते स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत). प्रत्येकाला वेगळं ग्रीस पातळ फासा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये मटाराच्या शेजारी ठेवा. घरचा फ्रीझर साधारण उणे अठराला असतो, म्हणजे स्पितीतली जानेवारीची बऱ्यापैकी रात्र. सकाळी बाहेर काढल्या काढल्या काडीने ओढून बघा. मी केलं तेव्हा लाल बेअरिंग ग्रीसवर काडी वाकली. साधं चॅसिस ग्रीस साबणाच्या वडीसारखं खरवडलं गेलं. सिंथेटिक मात्र श्रीखंडासारखं काडीमागून आलं. त्या दिवसापासून मी डब्यावरची जाहिरात वाचणं सोडलं.

डब्ल्यूडी-४० मारलं की मोकळं होतं. मग ग्रीसची कटकट कशाला?

नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणे. त्याचं मूळ काम तेच आहे आणि ते ते चोख करतं. अडलेली डायल आज सकाळपुरती सोडवायला, ओल घालवायला जरूर वापरा. पण ते असलेलं ग्रीसही धुऊन टाकतं आणि स्वतः फार दिवस टिकत नाही. फवारा मारून मोकळी झालेली डायल तीन-चार नाल्यांनंतर पुन्हा अडते, आणि या वेळी आत गंजही असतो. घरी परतलात की हब खोला.

घरी खोलून साफ करता येतो का? की मेकॅनिककडेच न्यायचा?

येतो. एक रविवार आणि थोडा संयम लागतो. जिप्सीचे आणि बाहेरून बसवलेले हब आतून थोडे वेगळे असतात, म्हणून प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढत चला. लावताना "ही वॉशर कुठली?" हा प्रश्न पडतोच पडतो.

गाडी सपाटीवर, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. डायल 'फ्री'वर ठेवा. आधी बाहेरून सगळं ब्रशने झाडून, पुसून घ्या, नाहीतर टोपी उघडताच बोल्टांभोवतीची माती आत पडते. टोपीचे छोटे बोल्ट एकाच बाजूने पूर्ण काढू नका. आमनेसामनेचे थोडे थोडे ढिले करा. टोपी निघाली की डायलचं सगळं यंत्र हातात येतं आणि आत शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगदार कडी) दिसते. बऱ्याच हबमध्ये मुख्य भाग बाहेर काढायला ती काढावी लागते. सर्क्लिप पक्कडच वापरा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली तर ती उडून गवतात जाते आणि उरलेला रविवार चुंबक घेऊन अंगणात फिरण्यात जातो. चष्मा घाला, ती डोळ्याकडेही उडते.

आता जुनं ग्रीस. त्याचा रंग बघा. दुधाळ, कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. काळं आणि चकचकीत कण असलेलं असेल तर दाते झिजताहेत. रबराची ओ-रिंग आधी बाजूला काढा, मग धातूचे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. दात्यांच्या खाचांमध्ये आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत सगळ्यात जास्त जमलेलं असतं. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून शेवटी ब्रेक क्लीनर मारून कोरडं होऊ द्या. जुनं ग्रीस पूर्ण गेलं पाहिजे. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र आली की कधी पाणी होतात, कधी चिकट लापशी.

नवी ओ-रिंग आणि गॅस्केट लावा. जुनी कितीही धडधाकट दिसली तरी. त्या रबराच्या तुकड्याची किंमत आणि काझात घालवलेली एक सकाळ, तुम्हीच ताळा करा.

आत ग्रीस लावायचं किती?

बोटाला लागलेलं लोणी भाकरीवर पुसावं इतकं. सरकत्या रिंगच्या आतल्या-बाहेरच्या दात्यांना, डायलच्या कॅमच्या (रिंगला सरकवणाऱ्या भागाच्या) उताराला आणि स्प्रिंगला पातळ थर. लावून झाल्यावर दात्यांमधल्या खाचा दिसल्या पाहिजेत. बुजल्या असतील तर कापडाने पुसून काढा. ओ-रिंगला आणि डायलच्या दांड्याला सिलिकोन ग्रीसचा हलका हात. मग टोपी लावायच्या आधीच डायल दहा वेळा लॉक-फ्री करून बघा. प्रत्येक टोकाला 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. मऊ, दबलेला आवाज आला तर ग्रीस जास्त झालंय.

फारच शंकेखोर असाल तर डायलचा तो जोडच पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मी ठेवतो. चाकावर तोवर प्लास्टिक बांधून ठेवायचं आणि गाडी हलवायची नाही.

टोपीचे बोल्ट बारीक असतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतात. मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच कसा. "अजून जरासं" म्हणालात की आटे गेले.

मी आत्ता काझात आहे, सकाळचे सात वाजलेत आणि डायल अडलीय. काय करू?

आधी चहा प्या. साडेतीन हजार मीटरच्या वर रिकाम्या पोटी वाकून जोर लावला की डायल फिरायच्या आधी डोकं फिरतं.

नंतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, असल्याची खात्री करा. चाकं सरळ ठेवा. गाडी फूटभर मागे, फूटभर पुढे घ्या आणि दर थांब्यावर डायल हलवून बघा. बऱ्याचदा रिंगचे दाते समोरच्या दात्यांच्या डोक्यावर टेकलेले असतात. चाक थोडं हललं की खाच समोर येते आणि 'टक्'.

तरी नाही? ऊब द्या. शेक घ्यायची रबरी पिशवी, आपल्या आज्या कंबरेला लावायच्या ती, गरम पाण्याने भरा, हबवर टेकवा आणि वरून जुनी शाल किंवा मफलर गुंडाळा. दहा-पंधरा मिनिटं. ग्रीस थिजलं असेल तर मऊ पडतं, बर्फ असेल तर निदान डायलपाशी सुटतो. पिशवी नसेल तर उन्हाची वाट बघा. पूर्वेकडे तोंड करून उभी केलेली गाडी इथे कामाला येते, म्हणून संध्याकाळी गाडी लावतानाच उद्याचं ऊन कुठून येईल ते बघून ठेवावं.

हातमोजे घालूनच डायल धरा. ओला हात उणे वीसच्या धातूला चिकटतो आणि सुटताना कातडी मागे ठेवतो. रबरी ठिपक्यांचे मोजे पकडही चांगली देतात.

पक्कड लावू का?

नाही. डायल कमकुवत धातूची किंवा प्लास्टिकची असते. तुटली की तो हब आहे त्या स्थितीत राहणार.

उकळतं पाणी ओतलं तर?

दोन मिनिटं मोकळं, आणि रात्री आणखी बर्फ. ब्लो टॉर्चचंही नाव काढू नका. शेजारी ग्रीस सील, ब्रेकचा होज आणि टायर आहे. डिझेलच्या टाकीखाली जाळ करणारे ट्रकवाले तुम्ही पाहिले असतील. तो त्यांचा प्रश्न आहे. शिवाय लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं आहे. हबसाठी मात्र तुमचं तुम्हालाच बघायचं.

मग निघतानाच हब लॉक करून ठेवले तर चालतं का?

चालतं, आणि मी तेच करतो. शिमल्याकडून किन्नौरमार्गे जाताना रेकाँग पिओला दुपारच्या उन्हात दोन्ही डायल लॉकवर नेतो आणि परत खाली येईपर्यंत हात लावत नाही. हब लॉक असताना टू-एचमध्ये डांबरी रस्त्यावर चालवलं तरी काही बिघडत नाही. फक्त पुढचा एक्सल रिकामा फिरतो, पेट्रोल किंचित जास्त जातं, थोडा आवाज येतो. बर्फ दिसला की आतून लिव्हर ओढून फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद, खाली उतरायला नको. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात: हब लॉक असणं निराळं, गाडी फोर-एचमध्ये असणं निराळं. कोरड्या डांबरावर चालत नाही ते दुसरं.

एकच बाजू लॉक झाली, दुसरी अडली. एक चाक तरी ओढेल ना?

नाही ओढणार. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद सोप्या वाटेने पळते. फ्री राहिलेल्या बाजूचा शाफ्ट आतल्या आत गरगर फिरतो आणि लॉक असलेलं चाक ढिम्म उभं राहतं. लिव्हर फोर-एचला, दिवा लागलेला, आणि प्रत्यक्षात तुम्ही टू-व्हील ड्राइव्ह. चढावर हे कळण्यापेक्षा सपाटीवर कळलेलं बरं. म्हणून दोन्ही लॉक करून टू-एचमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घ्या. बाहेर सुरक्षित अंतरावर उभ्या माणसाला वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट बघू द्या. तो फिरायला हवा.

डायल मधेच सोडण्याचंही तेच. खूण खुणेला टेकेपर्यंत फिरवा. अर्धवट जुळलेले दाते भार आला की टवके काढतात.

बर्फ संपला, आता फ्री होत नाही. दुपारचे दोन वाजलेत, थंडीही नाही.

हाच तो पीळ. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. जिप्सीसारख्या गाड्यांत पुढचा-मागचा फरक सोडवायला मधे डिफरन्शियल नसतं. बर्फात चाकं घसरून तो फरक संपतो, पण खाली डांबर लागल्यावरही तुम्ही फोर-एचमध्येच राहिलात, तर तो पीळ शाफ्टमध्ये साठतो. ओलं धोतर पिळून धरावं तसा. सरकती रिंग त्या दाबाखाली दात्यांमध्ये घट्ट बसते, आणि स्प्रिंगला ती ओढता येत नाही.

टू-एच करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, तीन-चार मीटर रिव्हर्स घ्या. पीळ सुटताना कधी कधी 'खट्' असा आवाजही येतो. मग डायल फिरवा. इथे ग्रीसचा काही दोष नाही. या कारणासाठी हब खोलून बसलेले लोक मी पाहिलेत.

माझ्याकडे जिम्नी आहे, चाकावर डायलच नाही. मला यातलं काही लागू?

थोडंच. तिथे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढून, जोडला जातो. थंडीत अडलं तर आधी रबरी नळ्या बघा. त्या कडक होऊन तडकतात, सुटतात, किंवा आत ओल जाऊन गोठते. हबमध्ये मनाने ग्रीस भरू नका. काही जुन्या गाड्यांतले आपोआप जुळणारे हब तर आतल्या घर्षणावरच चालतात. जड ग्रीस गेलं की ते जुळतच नाहीत किंवा सुटतच नाहीत.

गाडी अलिबागची आहे. थंडीचा प्रश्न नाही, तरी डायल घट्ट.

खारी हवा. हबचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. दोन धातू आणि मीठ-पाणी एकत्र आलं की पांढरी भुकटी धरते आणि डायलचा दांडा भोकात आवळला जातो. गोव्याच्या, कोकणच्या गाड्यांत हे हमखास. वाळूतून फिरवून आणलीत की गोड्या पाण्याने हब धुवा, आणि महिन्यातून एकदा तरी डायल लॉक-फ्री करा. गरज नसताना. अशीच गाडी स्पितीला न्यायची असेल, तर आधी हब खोलल्याशिवाय निघू नका. खार आणि थंडी मिळून फार वाईट.

सोबत काय ठेवू?

नव्या ओ-रिंगचा एक जोड, दोन सर्क्लिप, सर्क्लिप पक्कड, टोपीच्या बोल्टांचा पाना, फिल्मच्या डबीएवढं सिंथेटिक ग्रीस, चिंध्या, शेकाची पिशवी. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक शूज गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. सकाळी निघताना दगड काढायला विसरू नका. तो फोनही मला आलेला आहे.